वीस फेरे

टेकडीवरच्या पोरांना शाळेत जायच्या आधीच वीसपर्यंतचे आकडे यायचे. बालवाडीतल्या बाईंना त्याचं फार कौतुक वाटायचं. पण एकवीस विचारलं की सगळी पोरं गप्प. बाईंना त्याचं कारण कधी कळलं नाही. मला माहीत होतं, कारण ते आकडे रोज दुपारी साडेतीनला माझ्या खिडकीखाली शिकवले जायचे आणि शिकवणाऱ्याला आपण शिकवतोय याचा पत्ताही नव्हता.

त्यांचं नाव भागोजी वाघमारे. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी पाणीखात्याची एक बैठी चौकी होती, तिथे ते चावीवाले होते आणि मी टायपिस्ट. चावीवाला म्हणजे वस्तीवस्तीचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. जमिनीखाली व्हॉल्व्ह असतो, त्यावर लोखंडी झाकण. झाकण उचलायचं, पुरुषभर उंचीची लोखंडी चावी आत बसवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. टेकडीचा व्हॉल्व्ह आमच्या फाटकाबाहेरच होता. साडेतीन वाजायच्या बेताला वरची पोरं हंडे-कळश्या वर ठेवून खाली धावत यायची, झाकणाभोवती कोंडाळं करायची आणि वाघमारेमामा चावी फिरवू लागले की त्यांच्याबरोबर मोठ्यानं मोजायची. वीस फेरे झाले की "सुटलं" असं ओरडत वर पळायची. पाच वाजता बंद करतानाही वीसच.

मामांच्या अंगात खाकी शर्ट, तोही एकच असावा असं वाटण्याइतका नेहमी सारखा धुतलेला. काळे, काटकुळे, डाव्या खांद्यावर चावीचा घट्टा पडलेला. चाळिशीतच असतील, पण मला तेव्हा म्हातारे वाटायचे. वीस फेरे झाले की ते चावीच्या दांड्याला कान लावून उभे राहायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. पाण्याचा आवाज लोखंडातून वर येतो, तो ऐकल्याशिवाय हा माणूस जागचा हलायचा नाही. घड्याळ होतं त्यांच्याकडे, पण चौकीतलं घड्याळ आणि त्यांचं घड्याळ यांत फरक पडला तर आम्ही चौकीतलं बदलायचो.

फेरीवर असताना ते कुणाकडे चहा घेत नसत. उन्हातान्हात कुणी दारातून हाक मारली तर हात जोडून पुढे जायचे. मी एकदा विचारलं, एवढं काय आहे चहात. म्हणाले, "ताई, चहा प्यालं की त्या घरासमोर चावी दोन मिंटं ज्यादा थांबते. आपण नको म्हटलं तरी थांबते." मला ते पटलं नाही. मी त्या चौकीत नवी होते, टेम्पररी होते, आणि तिथे जे काही चालायचं ते चहावरच चालायचं.

आमचे हेडक्लार्क परब म्हणून होते. माझ्यासारखेच मालवणकडचे, त्यामुळे माझी काळजी वाहण्याचा हक्क त्यांनी परस्पर घेतला होता. मामांकडे बोट करून ते मला बजावायचे, "गो बाय, हेच्या नादाक लागा नको. ह्यो मरतलो आणि आमकांय मारतलो." परब वाईट नव्हते. चौकीतला कुठलाच माणूस वाईट नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. सगळे आपापल्या घरच्यांसाठी भाजी निवडून नेणारे, गणपतीला गावी जाणारे, साधे लोक होते. फक्त कुणाचाच कशावर विश्वास उरला नव्हता, आणि त्याबद्दल कुणाला वाईटही वाटत नव्हतं.

मामांचा विश्वास दोन गोष्टींवर होता. एक घड्याळ आणि दुसरा कागद. कुणीही येऊन काहीही सांगितलं, पुढारी असो की साहेब, त्यांचं उत्तर ठरलेलं: "लेखी द्या." आवाज न चढवता, खाली बघून. लेखी द्यायला कोण तयार होतो? म्हणून गेली अकरा वर्षं त्यांच्या चावीला कुणी हात लावू शकलं नव्हतं. चौकीत त्यांना पाठीमागे 'लेखीद्या' म्हणायचे. मीही म्हणायचे.

पायथ्याच्या चाळीत एकदा लग्न होतं. मुलीचे वडील दोन दिवस आधी येऊन गेले, अर्धा तास पाणी जास्त सोडा म्हणून. मामांनी नेहमीचं उत्तर दिलं. तो माणूस तोंडाला येईल ते बोलला, जातीवरही गेला. मामा ऐकून घेत उभे राहिले. लग्नाच्या दिवशी पाणी रोजच्या वेळेला आलं आणि रोजच्या वेळेला गेलं. पण ड्युटी संपल्यावर मामा आणि त्यांची बायको आपल्या घरच्या नळाचं पाणी हंड्यांनी वाहून मांडवात आणत होते. चार का पाच खेपा केल्या. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. मुलीचा बाप नंतर परबांना म्हणाला, की हा माणूस वेडा आहे की आपल्याला लाजवायला आला होता तेच कळलं नाही. परब म्हणाले, दोन्ही असेल.

मला मात्र एकदा कळलं. पावसाळ्यातली दुपार होती, चौकीत कुणी नव्हतं, आणि मामा हजेरीपुस्तकावर सही करायला आले होते. मी सहज विचारलं की तुम्ही गावाकडे काय करायचात. ते साताऱ्याकडचे. गावच्या विहिरीवर त्यांच्या आईला पायरी उतरता येत नसे. काठापासून लांब मडकं ठेवून बसायचं आणि वरच्या घरातलं कुणी आलं, त्याच्या मनात आलं, तर तो पोहऱ्यानं वरून ओतायचा. कधी सकाळीच ओतायचा, कधी सावली पार फिरून जाईपर्यंत बसावं लागायचं. लहानपणी मामा आईच्या शेजारी बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या द्यायचे. आई द्यायची नाही.

"आई म्हणायची, त्यास्नी दया न्हाई असं न्हाई. त्यास्नी घाई न्हाई." एवढं सांगून मामांनी सही केली, तारीख घातली आणि पेन माझ्या टेबलावर होतं तिथंच ठेवलं. मग जाता जाता म्हणाले, "आता पोहरा माझ्या हातात हाय. मला घाई पायजे."

आता त्या दोन फेऱ्यांचं सांगायला हवं. टेकडीचा व्हॉल्व्ह पुरता उघडायला बावीस फेरे लागत. मामा तो कधीच पुरता बंद करत नसत, दोन फेरे उघडा ठेवत. म्हणून पोरांचे आकडे वीसवर थांबायचे. पाच वाजल्यानंतरही टेकडीच्या पाइपात बारीक धार चालू राही. नळाला ती यायची नाही, पण पाइप भरलेला राही. टेकडीचा पाइप जुना, सांधे सुटलेले, आणि अर्ध्या वाटेत तो उघड्या गटारातूनच वर चढायचा. आत पाणी असलं की ते थोडं बाहेर गळतं. आत पाणी नसलं की गटार आत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात येतं. ही साधी गोष्ट मामांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी पाहिली होती, आणि तेव्हाच्या साहेबांना सांगून दोन फेऱ्यांची सवय लावून घेतली होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. सगळ्या गोष्टी लेखी मागणाऱ्या माणसानं ही एक गोष्ट तोंडीच ठेवली होती.

मग मुख्य रस्त्यावर सात-सात मजल्यांच्या तीन इमारती उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यांवर पाणी चढेना. त्या लोकांच्या तक्रारी फोनवर यायच्या, टेकडीवरच्यांच्या पायी यायच्या, आणि आमच्या चौकीत फोनचा आवाज मोठा होता. नाडकर्णी नावाचे नवे साहेब आले होते. तरणे, हुशार, सतत थकलेले. त्यांनी हिशोब मांडून दाखवला की टेकडीकडे जाणारी ती बारीक धार थांबवली तर इमारतींना दाब मिळेल. मामांनी त्यांना गटाराचं सांगितलं. साहेब म्हणाले की पाइप बदलायचा प्रस्ताव वर पाठवलेला आहे. मामा म्हणाले, बदलला की बंद करतो. त्यावर साहेब हसले. "वाघमारे, तुमच्या एकट्याच्या दोन फेऱ्यांवर हे शहर चाललेलं नाही."

"मग लेखी द्या," मामा म्हणाले.

अकरा वर्षांत पहिल्यांदा एका साहेबानं दिलं. टाइप मी केलं. टेकडीचा व्हॉल्व्ह पुरवठ्याची वेळ संपल्यावर पूर्ण बंद करण्यात यावा, एवढंच एक वाक्य. खाली उजवीकडे साहेबांची सही, डावीकडे रिवाजाप्रमाणे टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं, म्हणजे माझी. तीन प्रती सांगितल्या होत्या. मी सवयीनं तीन कार्बन लावून चार काढल्या, आणि साहेब सह्या करताना प्रती मोजत नसत. एक मामांना दिली, एक फाइलला, एक वर गेली. चौथी पुसट होती, ती माझ्या खणात पडली.

मामांनी तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं ते चावी टाकून देतील. पण आयुष्यभर ज्या शब्दावर उभे राहिले त्याच शब्दानं त्यांना पकडलं होतं. लेखी द्या म्हणणाऱ्यानं लेखी आल्यावर नाही कसं म्हणायचं? त्या दिवशी पाच वाजता मी मुद्दाम खिडकीशी उभी होते. पोरं नेहमीसारखी मोजत होती. त्यांच्यात नंदा नावाची एक मुलगी होती, सहा वर्षांची, सगळ्यांच्या वर आवाज. वीस झाले आणि पोरं थांबली. चावी थांबली नाही.

"मामा, वीस झाले," नंदा म्हणाली.

"अजून दोन हायेत," मामा म्हणाले, आणि ते दोन त्यांनी एकट्यानं मोजले. मग दांड्याला कान लावला. आत काही ऐकू येत नसणार. तरी बराच वेळ तसेच उभे होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवायची माझ्यात ताकद नाही. दहाव्या दिवशी टेकडीवर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मामा रजा न टाकता वर गेले आणि तीन दिवस पोरांना पाठीवर घेऊन खाली दवाखान्यात आणत राहिले. उतरणीला रिक्षा जात नसे. चार मुलं गेली. त्यांत नंदा होती. तिला मामांनीच आणलं होतं, आणि ती वाटेतच गेली हे त्यांना दवाखान्याच्या पायरीवर कळलं.

त्याच गडबडीत चौकीतला शिपाई दवाखान्यात जाऊन मामांकडचा हुकमाचा कागद मागून घेऊन आला. चौकशीला हवाय म्हणाला. मामांनी खिशातून काढून दिला. पोच मागितली नाही. एरवी टाचणीची पोच मागणारा माणूस, पण त्या वेळी त्यांच्या मांडीवर कुणाचं तरी पोर होतं. वर गेलेली प्रत कुणाला सापडेना, आणि फाइलमधली कधी नाहीशी झाली ते मला माहीत नाही. परबांना माहीत असावं, कारण ते आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हते. मग चौकीत सगळेच बोलू लागले की वाघमाऱ्यानं व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला.

चौथी प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेले, रविवारी सकाळी. चौकीपासून चालत दहा मिनिटांवर, विक्रोळीच्या बाजूला एक खोली. बायकोनं चहा दिला, तो मी प्यायले. मामांनी कागद उजेडाकडे धरून वाचला. मला वाटलं होतं, रडतील, आशीर्वाद देतील, निदान सुटल्यासारखे दिसतील. त्यांनी कागदाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही तुमची अक्षरं ना?"

मी हो म्हटलं.

"घरात कमावतं कोण?"

मी एकटीच होते. वडिलांची गिरणी बंद पडून वर्ष झालं होतं. ते त्यांना माहीत होतं, तरी विचारलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे दाखवलं तर आधी तुमी जाल, मग साहेब. कदाचित साहेब जाणार पण न्हाईत. मी सांगंन चौकशीत. मला तोंड हाय."

मी म्हटलं, तुमच्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार.

"ठेवतील कुणीतरी. आज न्हाई तर पुढं. तुमी हे फाडू नका. नोकरी पक्की होऊ द्या. त्या खुर्चीत एखादा सरळ माणूस येऊ द्या, मग दाखवा. मी आसंन-नसंन, पण पाणी कुणी बंद केलं ते कागदावर यायला पायजे." मग म्हणाले, "आणि ताई, सुटायचं म्हटलं तरी मी सुटत न्हाई. हुकूम त्यांचा, पण गटाराचं मला ठाऊक होतं. त्यांनी नुसतं ऐकलं होतं."

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते लिहिलं पाहिजे. मला हायसं वाटलं. मी कागद घेऊन गेले होते तो त्यांनी घेऊ नये म्हणूनच, हे मला जिना उतरताना कळलं.

चौकशीत ते तेच बोलले. हुकूम लेखी होता आणि पाइप रिकामा राहिला तर काय होईल ते मला ठाऊक होतं, अशी दोन वाक्यं. जबाब टाइप करायला मीच होते. तपासणाऱ्या साहेबांनी पहिल्या वाक्याला पुरावा नाही म्हणून ते गाळायला सांगितलं, आणि मी गाळलं. कागदावर राहिलं ते एवढंच, की परिणाम ठाऊक असताना कर्मचाऱ्यानं व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. मामांनी ते वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. तारीख घातली. त्यांना कामावरून काढलं. नाडकर्णी साहेबांची बदली झाली, ती त्यांना हवी होती तिथेच. टेकडीचा पाइप दोन वर्षांनी बदलला, तोही निम्माच.

जबाबावर सही झाली त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ती चौथी प्रत स्टोव्हवर धरली. आई म्हणाली, काय जाळतेस? मी म्हटलं, चुकलेलं टाइपिंग आहे.

त्यानंतर माझी नोकरी पक्की झाली, बदली बोरिवलीकडे झाली, आणि आम्ही चारकोपला सेक्टरमधल्या घरात राहायला गेलो. घाटकोपरचं नाव मी टाळत होते. पण सर्व्हिस बुकात एक नोंद राहिली होती, तिच्यासाठी पाच-सहा वर्षांनी एकदा जावंच लागलं. परब रिटायर झाले होते. काम उरकलं तेव्हा साडेतीनला दहा मिनिटं होती. बाहेर पडले तर फाटकापाशी झाकण उघडलेलं, एक नवा पोरगेला चावीवाला चावी बसवतोय, आणि शेजारी दगडावर वाघमारेमामा बसलेले.

केस सगळे पांढरे झाले होते. अंगात खाकी शर्ट नव्हता, साधा पट्ट्यापट्ट्यांचा होता. ते मला पाहून उठले, जसे चौकीत उठायचे. कुठे असता, विचारलं तर म्हणाले, एका गोडाऊनवर वॉचमन आहे, ड्युटी सकाळची, दुपारी इकडे येतो. रोज? रोज. साडेतीनला आणि पाचला. नव्या मुलाला दोन फेऱ्यांचं कुणी सांगितलं नव्हतं, मामांनीच सांगितलं. आधी त्यानं हाकलून दिलं होतं, साहेबांकडे तक्रारही केली होती. मामा दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन दगडावर बसले. असं सहा-सात महिने चाललं. मग तो दोन फेरे ठेवायला लागला. मी विचारलं, टेकडीवरचे लोक काय म्हणतात तुम्हाला? मामा म्हणाले, काही जण बोलतात, काही जण थुंकतात. नंदाची आई अजून समोर आली की रस्ता बदलते. "बरोबर हाय तिचं," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नोकरी पक्की झाली म्हणं."

"झाली."

"लई बरं झालं." ते खरंच मनापासून म्हणाले. आणि मग, आवाज थोडा खाली घेऊन: "तो कागद हाय ना?"

मी त्यांच्या खांद्याकडे बघत होते. चावीचा घट्टा अजून तसाच होता, शर्टातून दिसत होता.

"आहे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. मान हलवून म्हणाले, जपून ठेवा, घाई नाही, चांगला माणूस येऊ द्या खुर्चीत. साडेतीन वाजले होते. ते वळले आणि झाकणाकडे गेले. नव्या मुलानं चावीला जोर दिला. भोवती जमलेली पोरं वेगळी होती, मी त्यांतलं एकही ओळखत नव्हते, पण ती मोजायला लागली आणि मामा त्यांच्याबरोबर मोजायला लागले. मी बस स्टॉपच्या दिशेनं चालू लागले. वीसपर्यंतचे आकडे मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होते.